एन्जिनएक्सच्या कॉन्फिग फाइली: कुठे ठेवायच्या याआधी कोण वाचतं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) चा एक व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, त्यावर एन्जिनएक्स हा वेबसर्व्हर आणि पीएचपी, एकूण अकरा साइट. सगळ्यांचं कॉन्फिग, म्हणजे सेटिंग, एकाच मुख्य फाइलीत कोंबलेलं, चौदाशेच्या वर ओळी. आधी सर्व्हर बघणारा सोडून गेलाय. निम्म्या ओळी कॉमेंट केलेल्या आहेत आणि कोणती काढली तर काय पडेल हे कोणालाच माहीत नाही. हे नीट कसं लावायचं, तेही चालू साइट न पाडता?

पंधराएक वर्षं मी हेच निस्तरत आलोय, त्यामुळे उत्तर लांबणार. कमांड आणि पाथ फोनवर सांगतो तसे उच्चाराप्रमाणे लिहिलेत, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाइप करा.

बहुतेक जण सुरुवात फोल्डर बनवण्यापासून करतात. एन्जिनएक्सला फोल्डर कळत नाहीत. त्याला एकच फाइल माहीत असते, ईटीसीतल्या (सिस्टिमच्या सेटिंगच्या फोल्डरातल्या) एन्जिनएक्स फोल्डरातली एन्जिनएक्स डॉट कॉन्फ. बाकी जे काही तो वाचतो ते त्या फाइलीतल्या ‘इन्क्लूड’ ओळींमुळे. ‘साइट्स-अव्हेलेबल’ आणि ‘साइट्स-एनेबल्ड’ ही जोडी एन्जिनएक्सची नाहीच. ती डेबियनच्या अपाचे पॅकेजातली पद्धत, डेबियनने पुढे एन्जिनएक्सच्या पॅकेजलाही लावली. एन्जिनएक्स प्रकल्पाच्या स्वतःच्या रेपॉझिटरीतून पॅकेज घेतलंत तर फक्त ‘कॉन्फ डॉट डी’ मिळतं. त्या सर्व्हरवर इंटरनेटवरचं एखादं ट्युटोरियल बघून साइट्स-एनेबल्ड फोल्डर बनवलात, त्यात फाइल टाकलीत, तर काहीच होणार नाही. एररही येणार नाही, कारण ती फाइल कोणी वाचतच नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे मुख्य फाइल उघडून इन्क्लूड ओळी बघणं. डेबियनच्या पॅकेजात अशा तीन ओळी महत्त्वाच्या आहेत. अगदी वर मॉड्यूल्स-एनेबल्ड. मग एचटीटीपी ब्लॉकच्या (ज्याच्या कंसात सगळ्या साइट येतात त्या भागाच्या) शेवटाकडे आधी ‘कॉन्फ डॉट डी / * डॉट कॉन्फ’ आणि तिच्याखाली ‘साइट्स-एनेबल्ड / *’. दोन्ही नीट वाचा. पहिलीत शेवटी डॉट कॉन्फ आहे, दुसरीत नुसता स्टार. म्हणजे कॉन्फ डॉट डी मध्ये फक्त डॉट कॉन्फने संपणाऱ्या फाइली वाचल्या जातात, आणि साइट्स-एनेबल्डमध्ये जे पडेल ते.

या नुसत्या स्टारने माझा एक रविवार खाल्लाय. एका ग्राहकाच्या दुकानाच्या साइटवर मालाचे फोटो चढत नव्हते, ४१३ एरर येत होती. यात अवघड काही नव्हतं. एन्जिनएक्स मुळात १ एमबीच्या वरची रिक्वेस्ट घेत नाही, क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइज वाढवलं की काम होतं. साइटच्या फाइलीत ३२ एमबी केलं, टेस्ट (कॉन्फिग तपासायची कमांड) मारली, ‘सक्सेसफुल’ आलं, रीलोड (नवं कॉन्फिग वाचायला लावणारी कमांड) मारला. एरर तीच. मग पीएचपीच्या मर्यादा बघितल्या, तिथे अपलोडला २ आणि पोस्टला ८ एमबी असतात, त्याही वाढवल्या. एरर तीच. दीड तास गेला. शेवटी एन्जिनएक्सला ‘मोठा टी’ देऊन पूर्ण कॉन्फिग छापून घेतलं आणि त्यात त्या डोमेनचं नाव शोधलं, तर ते दोनदा सापडलं. सहा महिन्यांपूर्वी एका सहकाऱ्याने बदल करण्याआधी साइट्स-एनेबल्डमध्येच फाइलची कॉपी करून ठेवली होती, नावाच्या आधी ‘जुनी’ लावून. आता इंग्रजी वर्णक्रमात ‘जुनी’चा जे आधी येतो आणि दुकानाच्या नावाचा एस नंतर. स्टारने फाइली वर्णक्रमाने वाचल्या जातात, आणि एकाच पोर्टवर एकच नाव दोन सर्व्हर ब्लॉकांत (एकेका साइटच्या तुकड्यांत) असेल तर आधीचा ब्लॉक धरला जातो. म्हणजे सहा महिने जुनीच फाइल चालू होती. गंमत म्हणजे त्याने तेव्हा जो बदल केला होता तोही कधी लागूच झाला नव्हता, आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

एन्जिनएक्सने तेव्हाही सांगितलं होतं. टेस्टच्या आउटपुटमध्ये ‘कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम, इग्नोर्ड’ अशी वॉर्निंग येते. पण ती नुसती वॉर्निंग, आणि तिच्याखाली दोन ओळी ‘सिंटॅक्स ओके, टेस्ट सक्सेसफुल’. आपण सगळे शेवटची ओळ वाचतो. तेव्हापासून टेस्टमध्ये एक जरी वॉर्निंग दिसली तरी मी रीलोड मारत नाही.

तर डेबियनच्या मुख्य फाइलीत मी हमखास एक ओळ बदलतो: साइट्स-एनेबल्डच्या स्टारपुढे डॉट कॉन्फ लावतो. अपाचेच्या पॅकेजात डेबियनने हे २.४ आवृत्ती आली तेव्हाच केलं, एन्जिनएक्समध्ये राहून गेलंय. याची किंमत अशी की मुख्य फाइल तुम्ही बदललीत म्हटल्यावर पुढच्या मोठ्या अपग्रेडला डीपीकेजी (डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम) विचारणार, तुमची ठेवू की पॅकेजची घेऊ. तिथे घाईने एंटर मारू नका. डी दाबून फरक बघा, मग ठरवा. तुमची ठेवलीत तर पॅकेजची नवी फाइल शेजारीच ‘डीपीकेजी-डिस्ट’ शेपटी लावून पडते, ती नंतर सावकाश वाचता येते.

आणखी एक नियम: साइट्स-एनेबल्डमध्ये फक्त सिमलिंक, म्हणजे साइट्स-अव्हेलेबलमधल्या खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी लिंक. खरी फाइल एकही नको. आठवड्यातून एकदा ‘फाइंड’ला ‘टाइप एफ’ देऊन बघा, काही सापडलं तर कोणीतरी गडबड केलीय. बरेचदा ती गडबड माणसाची नसते, ‘सेड’ची (फाइलीतला मजकूर बदलणाऱ्या कमांडची) असते. ‘सेड’ला ‘हायफन आय’ देऊन सिमलिंकवर चालवलं तर तो लिंक मोडून त्या जागी खरी फाइल ठेवतो. साइट चालू राहते, म्हणून कळत नाही. पुढे कोणी साइट्स-अव्हेलेबलमधली फाइल सुधारत बसतो आणि बदल लागत नाही. सिमलिंक बनवताना पूर्ण पाथ द्या. चुकीच्या फोल्डरात उभं राहून अर्धवट पाथ दिला की लिंक हवेत लटकते, आणि एक लटकती लिंकसुद्धा अख्ख्या एन्जिनएक्सची टेस्ट पाडते.

आता मांडणी. एक साइट, एक फाइल. साइट म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवालं नाव, त्याशिवायचं नाव, पोर्ट ८० वरून ४४३ वर ढकलणारा ब्लॉक आणि मुख्य ब्लॉक, हे सगळं एकत्र. काही जण रीडायरेक्टची वेगळी फाइल करतात. नका करू. ग्राहक सोडून गेला की एक लिंक काढून त्याचं सगळं बंद झालं पाहिजे. स्टेजिंग (साइटची चाचणीची प्रत) मात्र वेगळ्या फाइलीत ठेवा, कारण ते वेगळ्या वेळी चालू-बंद होतं.

फाइलीचं नाव म्हणजे पूर्ण डोमेन आणि पुढे डॉट कॉन्फ. ‘न्यूसाइट’, ‘फायनल’, ग्राहकाचं आडनाव, असलं काही नको. हेच नाव सगळीकडे वापरा: वेबरूटच्या (साइटच्या फाइलींच्या) फोल्डरला, लॉगला, पीएचपीच्या पूलला (पीएचपी प्रोसेसच्या गटाला), सर्टिफिकेटला. सर्टबॉट (सर्टिफिकेट आणणारा प्रोग्राम) तर सर्टिफिकेटला नाव देऊ देतो, पण लोक देत नाहीत आणि मग नावाच्या शेवटी शून्य-शून्य-शून्य-एक लागलेली फोल्डरं जमतात. एकच नाव असलं की ईटीसीत ‘ग्रेप’ (फाइलींत शब्द शोधणारी कमांड) मारून एका साइटशी संबंधित प्रत्येक फाइल अर्ध्या मिनिटात हाती लागते. मांडणीचा जो काही फायदा आहे तो मला यातच दिसतो. रात्री अडीचला फोन आल्यावर डोकं चालत नसतं, ग्रेप चालतो.

डॉट भारतचं डोमेन असेल तर एक अडचण येते. ब्राउझर सर्व्हरला देवनागरी नाव पाठवत नाही, एक्सएनने सुरू होणारं पनीकोड रूप पाठवतो. सर्व्हर-नेममध्ये तेच लिहावं लागतं. फाइललाही तेच नाव द्या, आणि पहिल्या ओळीत कॉमेंट करून खरं नाव देवनागरीत लिहा, नाहीतर ती अक्षरांची खिचडी कोणाची आहे हे तुम्हालाच कळणार नाही. बाकी कॉमेंट मात्र मी रोमन लिपीतच ठेवतो. एन्जिनएक्सला फरक पडत नाही, पण सर्व्हर पडल्यावर होस्टिंगवाल्याच्या कन्सोलमधून आत गेलात तर तिथे देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात.

कॉमेंट कशाची करायची? ‘पोर्ट ८० लिसन करतो’ असली नको, ते ओळीतच दिसतंय. माझ्या फाइलींच्या डोक्यावर साधारण असं असतं (इथे देवनागरीत):

# दुकानाची साइट. पेमेंट गेटवेचा कॉलबॅक /पे/ वर येतो, त्याला रीडायरेक्ट चालत नाही.
# टाइमआउट १२० ठेवलाय कारण महिनाअखेरचा रिपोर्ट ९० सेकंद घेतो. कमी करू नका.

कोणी आणि कधी बदललं हे गिट (बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम) सांगतं. का बदललं हे कोणीच सांगत नाही, ते लिहायचं.

सामाइक गोष्टींचं दोन ठिकाणी वाटप करा. ज्या गोष्टी एचटीटीपीच्या पातळीवरच चालतात, म्हणजे लॉग-फॉर्मॅट, मॅप, अपस्ट्रीम (मागच्या सर्व्हरांची यादी), रेट-लिमिटचे झोन, त्या कॉन्फ डॉट डी मध्ये. ज्या सर्व्हर किंवा लोकेशन ब्लॉकमध्ये चिकटवायच्या असतात त्या ‘स्निपेट्स’ फोल्डरात, तो डेबियन देतोच. कॉन्फ डॉट डी मधली प्रत्येक गोष्ट सगळ्या साइटना लागते, हे डोक्यात ठेवा. तिथे नावं जपून द्या. दोन साइटच्या डेव्हलपरांनी आपापल्या अपस्ट्रीमला ‘बॅकएंड’ नाव दिलं की ‘डुप्लिकेट अपस्ट्रीम’ म्हणून टेस्ट पडते. नावाआधी साइटचं नाव जोडा. तसंच जीझिपसारखी ओळ मुख्य फाइलीत आधीच असेल तर कॉन्फ डॉट डी मध्ये परत लिहून चालत नाही, ‘डायरेक्टिव्ह इज डुप्लिकेट’ येतं.

तुकडे किती करायचे यावर माझं मत जरा कडक आहे. एका सर्व्हरवर मी एकेका साइटचे सात तुकडे बघितलेत: टीएलएसचा (एन्क्रिप्शनचा) एक, लॉगचा एक, कॅशचा एक, वर्डप्रेसचा एक. साइटची फाइल उघडली की सात इन्क्लूड ओळी आणि बाकी शून्य. दिसायला देखणं, पण एक प्रश्न सोडवायला सात फाइली उघडा. मी असं बघतो: उद्या एक गोष्ट बदलली तर ती सगळीकडे बदललीच पाहिजे का? टीएलएसचे प्रोटोकॉल, सर्टबॉटच्या चॅलेंजचा रस्ता, गिट फोल्डर बाहेर न दाखवणं: हो, म्हणून स्निपेट. दोन वर्डप्रेस साइटचे ब्लॉक आज सारखे दिसतात: तो योगायोग. महिन्याभरात एकीला मोबाइल ॲपसाठी एक्सएमएल-आरपीसी (बाहेरून वर्डप्रेस चालवायचा दरवाजा) उघडं लागणार आणि दुसरीला बंदच हवं असणार. तिथे सरळ कॉपी करा. कॉन्फिगमध्ये पुनरावृत्ती हे पाप नाही.

स्निपेटमध्ये एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. सुरक्षेचे हेडर एका स्निपेटमध्ये ठेवले, सर्व्हर ब्लॉकमध्ये इन्क्लूड केले, झकास. मग चित्रांच्या लोकेशनमध्ये कॅशसाठी एक ॲड-हेडर ओळ टाकली. त्या लोकेशनवरून सुरक्षेचे सगळे हेडर गायब! ॲड-हेडर वरून खाली तेव्हाच उतरतं जेव्हा खालच्या पातळीवर एकही ॲड-हेडर नसतं. एक लिहिलं की वरचे सगळे बाद. उपाय साधा, त्या लोकेशनमध्येही स्निपेट परत इन्क्लूड करा. पण टेस्ट हे कधीच सांगणार नाही, कर्लने (यूआरएल मागवणाऱ्या कमांडने) हेडर बघितले तरच कळतं.

पीएचपीचं तसंच. डेबियन १२ मध्ये पीएचपी ८.२ आहे आणि सॉकेटच्या (ज्या फाइलीतून एन्जिनएक्स पीएचपीशी बोलतो तिच्या) नावातच आवृत्ती आहे. अकरा फाइलींत तो पाथ लिहिलात तर डेबियन १३ वर जाताना ८.४ होतं आणि अकरा ठिकाणी बदलावं लागतं. त्यापेक्षा प्रत्येक साइटचा वेगळा पूल करा, वेगळ्या युजरचा, आणि सॉकेटला डोमेनचं नाव द्या, आवृत्तीचं नको. एका साइटचं वर्डप्रेस फुटलं तर बाकीच्या दहांच्या फाइली सुरक्षित राहतात, हा खरा फायदा.

लॉग प्रत्येक साइटचा वेगळा, पण सगळे थेट व्हार-लॉग-एन्जिनएक्स फोल्डरातच, आणि नावाच्या शेवटी डॉट लॉग. ग्राहकवार उपफोल्डर करण्याचा मोह होतो. डेबियनचा लॉगरोटेट (जुने लॉग बाजूला करून पुसणारा प्रोग्राम) फक्त ‘त्या फोल्डरातले * डॉट लॉग’ बघतो, रोज फिरवतो, १४ ठेवतो. उपफोल्डरातल्या लॉगकडे तो ढुंकून बघत नाही. ते वाढत जातात, एके दिवशी डिस्क भरते आणि मग डेटाबेस पडतो, आणि सगळे डेटाबेसवाल्याला शिव्या घालतात.

आता डीफॉल्ट सर्व्हर. रिक्वेस्टमधलं नाव कुठल्याच ब्लॉकशी जुळलं नाही तर त्या पोर्टसाठी वाचलेला पहिला ब्लॉक उत्तर देतो. म्हणजे कोणी नुसता आयपी टाकला, किंवा आपलं भलतंच डोमेन तुमच्या आयपीकडे वळवलं, तर वर्णक्रमाने पहिला असलेल्या बिचाऱ्या ग्राहकाची साइट त्या नावाखाली दिसते. म्हणून नावाआधी दोन शून्य लावलेली एक फाइल ठेवा, तिच्यात ‘डीफॉल्ट-सर्व्हर’ स्पष्ट लिहा. पोर्ट ८० ला रिटर्न ४४४ द्या, एन्जिनएक्स काही न बोलता कनेक्शन तोडतो. ४४३ ला एसएसएल-रिजेक्ट-हँडशेक चालू करा. हे १.१९.४ पासून आहे, डेबियन १२ मध्ये १.२२ आहे, त्यामुळे चालेल. पूर्वी यासाठी खोटं सर्टिफिकेट बनवावं लागायचं.

पण थांबा, हे आज करू नका. चौदाशे ओळींच्या फाइलीत पहिला ब्लॉक कोणता आहे आणि त्याच्या भरवशावर कोण जगतंय हे तुम्हाला माहीत नाही. मी अशा सर्व्हरवर एका संस्थेचं जुनं डोमेन बघितलंय, जे कॉन्फिगमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि तरी पाच वर्षं चालत होतं, केवळ पहिल्या ब्लॉकमध्ये पडत होतं म्हणून. नेहमीच्या लॉगमध्ये डोमेनचं नाव येत नाही. तेव्हा आधी लॉग-फॉर्मॅटमध्ये ‘होस्ट’ व्हेरिएबल जोडा, आठवडाभर वाट बघा, आणि कोणकोणत्या नावाने लोक येतात त्याची यादी काढा. यादीत एखादं ओळखीचं पण कॉन्फिगमध्ये नसलेलं नाव सापडेलच.

सर्टिफिकेटच्या बाबतीत सर्टबॉटचा एन्जिनएक्स प्लगइन मी वापरत नाही. तो वाईट नाही, पण तो तुमच्या फाइलींत स्वतःच्या ओळी घुसवतो, शेपटीला ‘मॅनेज्ड बाय सर्टबॉट’ लावून. एका फाइलीचे दोन मालक नकोत. मी ‘सर्टओन्ली’ आणि वेबरूट वापरतो, सर्टिफिकेटच्या दोन ओळी हाताने लिहितो, आणि रिन्यूअलच्या डिप्लॉय-हुकमध्ये टेस्ट आणि मग रीलोड ठेवतो. हुक विसरलात तर डिस्कवर नवं सर्टिफिकेट येतं आणि एन्जिनएक्स मेमरीतलं जुनंच वाटत राहतो. नव्वद दिवसांचं असतं ते, संपलं की सकाळी सगळ्यांचे फोन.

साइट काढतानाचा क्रम इथेच सांगतो. आधी सिमलिंक काढा, टेस्ट, रीलोड, आणि मगच सर्टिफिकेट डिलीट करा. उलट केलंत तर त्या क्षणी काहीच बिघडत नाही. एन्जिनएक्स चालूच असतो, सर्टिफिकेट मेमरीत असतं. पुढचा रीलोड फेल होतो, पण रीलोड फेल झाला की एन्जिनएक्स जुन्या कॉन्फिगवर चालत राहतो, म्हणून करणारा म्हणतो ‘साइट तर चालूय, बघू नंतर’. तीन आठवड्यांनी कर्नल अपडेटसाठी सर्व्हर रीबूट होतो आणि एका मेलेल्या साइटच्या नसलेल्या फाइलीपायी सगळ्याच्या सगळ्या झोपतात. तेव्हा सर्व्हरला हात लावणारा माणूस वेगळाच असतो, त्याने काहीच केलेलं नसतं.

डिस्कवर एक आणि मेमरीत दुसरं, हा फरक ओळखायची एक युक्ती आहे. रीलोड मारला की वर्कर प्रोसेस नव्याने जन्मतात. ‘पीएस’ला ‘एलस्टार्ट’ कॉलम मागून वर्कर कधी सुरू झाले ते बघा आणि कॉन्फिग फाइली शेवटच्या कधी बदलल्या ते बघा. फाइल वर्करपेक्षा नवी असेल तर तिच्यातला बदल अजून लागू झालेला नाही. तुमच्या सर्व्हरवर कशालाही हात लावायच्या आधी हे बघाच. सोडून गेलेल्या माणसाने शेवटच्या दिवशी काहीतरी अर्धवट लिहून ठेवलेलं असू शकतं.

हलवाहलवी अशी करा. ‘मोठा टी’ मारून पूर्ण कॉन्फिगची प्रत रूटच्या होम फोल्डरात ठेवा. एटसीकीपर टाका. तो पूर्ण ईटीसी गिटखाली घेतो, फाइलींच्या परवानग्या लक्षात ठेवतो आणि एपीटीच्या आधी-नंतर आपोआप कमिट करतो. पण त्यात पासवर्डची शॅडो फाइल आणि सर्टिफिकेटच्या खासगी चाव्याही येतात, तेव्हा ते रेपो गिटहबवर ढकलू नका. मग प्रत्येक साइटचे तीन-चार यूआरएल, म्हणजे मुख्य पान, लॉगिन, एक चित्र, एक जुना रीडायरेक्ट, अशी चाळीसेक यूआरएलांची यादी करा. कर्लने प्रत्येकाचा स्टेटस कोड आणि रीडायरेक्ट कुठे जातो ते लिहून घ्या. मग होस्टवाला लॉग, आठवडाभर वाट, मग डीफॉल्टची फाइल. आणि मग एकेक साइट: ब्लॉक उचला, नव्या फाइलीत ठेवा, लिंक, टेस्ट, रीलोड, कर्लची यादी परत चालवा, जुन्या निकालाशी ‘डिफ’, कमिट. एका कमिटमध्ये एकच साइट. आणि हलवताना सुधारणा अजिबात नको. एखादी ओळ चुकीची दिसली तरी तशीच हलवा, यादीत टिपा, नंतर वेगळ्या कमिटमध्ये दुरुस्त करा. हलवणं आणि सुधारणं एकदम केलंत आणि काही पडलं, तर कशाने पडलं ते कळणार नाही. कॉमेंट केलेल्या ओळी मात्र नव्या फाइलीत आणू नका.

फाइली लिहिण्याची परवानगी रूटपुरतीच ठेवा. डेव्हलपर म्हणतील, आमच्या साइटच्या फाइलीपुरती द्या. देऊ नका. एन्जिनएक्सची मास्टर प्रोसेस रूट म्हणून चालते आणि लॉग तीच उघडते. कॉन्फिगमध्ये लॉगचा पाथ लिहू शकणारा माणूस रूटच्या हाताने कुठल्याही फाइलीत लिहू शकतो. त्यांनी बदल गिटमध्ये पाठवावा, तुम्ही बघून घ्यावा.

रेड हॅटच्या घराण्यातला सर्व्हर असेल तर सगळं कॉन्फ डॉट डी मध्येच चालतं, साइट बंद करायची तर फाइलीच्या नावातलं डॉट कॉन्फ बदला. तिथे घरच्या फोल्डरात बनवलेली फाइल ‘एमव्ही’ने हलवू नका, ती सोबत घरचं एसईलिनक्स लेबल (कोणाला वाचू द्यायचं याची सुरक्षेची खूण) घेऊन येते आणि परवानग्या बरोबर असूनही ‘परमिशन डिनाइड’ येतं. ते लेबल सुधारायला ‘रीस्टोरकॉन’ चालवा. अपाचे असेल तर वरचं जवळपास सगळं लागू, वर एचटीॲक्सेसच्या (फोल्डरागणिक सेटिंगच्या) फाइली वेबरूटमधून उचलून साइटच्या फाइलीत आणा. नाहीतर प्रत्येक रिक्वेस्टला अपाचे प्रत्येक फोल्डरात त्या शोधत बसतो, आणि तुमच्या कॉन्फिगचा निम्मा भाग तुमच्या गिटच्या बाहेर राहतो.

सुरुवात सगळ्यात बिनमहत्त्वाच्या साइटपासून करा, मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी, शुक्रवारी संध्याकाळी नाही. पहिल्या दिवशी दोनच हलवा आणि रात्रभर राहू द्या. दोन्ही टिकल्या की मुद्दाम एकदा सर्व्हर रीबूट करा, ग्राहकांना आधी सांगून. नीट उठला तर बाकीच्या नऊ एका आठवड्यात होतात. चौदाशे ओळींच्या त्या जुन्या फाइलीची प्रत वर्षभर पुसू नका, पण ईटीसीत ठेवू नका. रूटच्या होममध्ये, नावापुढे तारीख घालून ठेवा.